ह्यात माणसं किती?

मोठी माय कुठल्याही चित्राकडं पाठ करून बसत नसे. देवाचा फोटो असो, कॅलेंडर असो, नाहीतर साबणाच्या जाहिरातीतली बाई असो, खोलीत आल्या आल्या ती आधी भिंती बघून घ्यायची आणि मगच जागा धरायची. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीचं मोठं बॅनर लावलेलं असलं की ही पंगतीत उलटं तोंड करून बसणार. वाढपी भाजीचं भांडं घेऊन पुढं निघून जायचा आणि ही आपली कोरड्या पत्रावळीपुढं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "चित्रातलं माणूस बघत राहतंय बाबा. ते आपल्याला दिसलेलं बरं."

आता अशा बाईचा पुतण्या मी, आणि माझं जिंतूरला फोटो फ्रेमचं दुकान. चारी भिंतींवर देव, पुढारी, वारलेले आईबाप आणि लग्नातली जोडपी. माणसानं बसावं तरी कुठं? बाजाराच्या दिवशी ती झरीहून एसटीनं यायची, दुकानाच्या दारात उभी राहून सगळीकडं एकदा नजर फिरवायची आणि शेवटी माझं स्टूल ओढून उंबऱ्यातच बसायची, पाठ रस्त्याकडं. रस्त्यावरून ट्रॅक्टर जायचे, बैल जायचे, मोटरसायकलवाले तिच्या कानाशी हॉर्न वाजवायचे. मी म्हणायचो, "माय, एखाद्या दिवशी ट्रॅक्टर येईल की अंगावर." ती म्हणायची, "ट्रॅक्टर वाजत येतो."

फ्रेमला आलेला नवा फोटो दिसला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "दत्ता, ह्यात माणसं किती?" मी सांगितलेलं तिला पटत नसे. जवळ जाऊन बोटानं एकेक डोकं मोजायची. मोजून झालं की दुसरा प्रश्न, "हायेत का सगळी?" एकदा एक गिऱ्हाईक आपल्या सगळ्या घरादाराचा फोटो घेऊन आलेलं, आणि हिनं त्याच्या तोंडावर विचारलं, "हायेत का सगळी?" त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. तो गेल्यावर मी चिडलो. म्हणालो, "असं विचारतेत का कुणाला? गिऱ्हाईक पळवून लावशील तू माझं." तिला काही वाटलं नाही. "मोजलेलं माणूस हरवत न्हाई," म्हणाली, आणि पिशवीतून माझ्यासाठी आणलेला हरभऱ्याचा ढाळा काढून ठेवला.

ती सगळ्यालाच भ्यायची. गॅसला भ्यायची, विजेच्या बटनाला भ्यायची, फोनवर अनोळखी नंबर आला की फोन उशीखाली दाबून ठेवायची. कुलूप लागलं का बघायला अर्ध्या रस्त्यातून माघारी जायची. आम्ही पोरं तिला हसायचो. हसलो की म्हणायची, "भ्यावं माणसानं. भ्यालेलं माणूस घरी येतंय." आणि दुसरीकडं बघत, "तुझे मोठे बाबा कशालाच भ्यायचे न्हाईत." ह्यापुढं ती कधी बोलली नाही.

मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, आमच्याच रानातल्या विहिरीत गेले. मोटार पाणी ओढत नव्हती म्हणून भर दुपारी खाली उतरले आणि वर आलेच नाहीत. पायऱ्यांना शेवाळ होतं, पाय निसटला असं लोक म्हणाले. पण मोठे बाबा पट्टीचे पोहणारे. पोहणारं माणूस आपल्याच विहिरीत कसं बुडतं, असंही काहीजण म्हणाले, जरा आवाज खाली घेऊन. त्या वर्षात ते फार गप्प गप्प असायचे, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. मोठ्या मायनं ह्यातलं काही धरलं नाही आणि काही खोडलंही नाही. फक्त विहिरीवर लोखंडी जाळी टाकून घेतली, आणि त्या बाजूच्या बांधानं ती पुन्हा कधी गेली नाही.

तिला एकच पोरगं, भागवत. आमचा भागू. बाप गेला तेव्हा तो लहान होता, नुकता शाळेत जायला लागलेला. त्यानंतर दिवस मावळला की तो जेवायचाच नाही. कोपऱ्यात काळं दिसतंय म्हणायचा आणि दातखीळ बसल्यासारखं तोंड गच्च मिटून घ्यायचा. मोठी माय त्याला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसायची, चुलीकडं बोट करून काहीबाही दाखवायची, कानात काहीतरी सांगायची आणि मधेच घास भरवायची. मी पलीकडच्या घरातून बघायचो. काय सांगायची ते मला कधी ऐकू आलं नाही. ते त्या दोघांचं होतं.

पुढं भागू चित्रं काढायला लागला. कोळशानं भिंती भरवल्या, मग मी दुकानातली पुठ्ठ्याची कातरणं द्यायला लागलो, तर त्यावर काढायला लागला. चित्रकलेच्या कॉलेजात औरंगाबादला गेला. आता संभाजीनगर म्हणायचं, पण मोठ्या मायच्या तोंडी शेवटपर्यंत औरंगाबादच राहिलं. शिक्षण झालं तरी तिथंच एका खोलीत राहायचा, शाळांच्या भिंती रंगवायचा, शिकवण्या घ्यायचा आणि उरल्या वेळात स्वतःची चित्रं. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि ती एकच विचारायची, "जेवलास का?" तो लगेच "हो" म्हणाला की ती निवांत. "हो" यायला जरा वेळ लागला की झालं, ती रात्र तिची जागण्यात जायची. मी म्हणायचो, अगं रेंज नसते, आवाज उशिरा येतो. ती म्हणायची, "रेंज मला कळते."

मग ते फोन कमी व्हायला लागले. रोजचे चार दिवसांनी आणि चार दिवसांचे आठवड्यानं. त्यातच सोयाबीन निघायच्या दिवसांत एका सकाळी भागू स्वतःच माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबत होता. बगलेत चादरीत गुंडाळलेलं एक मोठं चित्र.

"दादा, ह्याला साधी पट्टी लाव आन् आईला दे."

"तू घेऊन जा की. झरी काय लांब हाय?"

"मला परत जायचंय."

"काय काढलंस तरी?"

तो जरासा हसला. "तिला कळंल," म्हणाला आणि बसस्टँडकडं चालायला लागला. चहासुद्धा घेतला नाही. पोरगं जिंतूरपर्यंत येतं आणि आईला न भेटता माघारी जातं, हे मला काही बरं वाटलं नाही. पण गिऱ्हाईक उभं होतं, मी पट्ट्या कापायला लागलो.

चादर सोडली ती दुपारी. मी आयुष्यभर चित्रांना चौकटी लावल्या, पण ह्याला काय म्हणावं मला कळेना. वरच्या भागात राखाडी आणि पिवळा रंग, रंगाआधी भिंतीला लांबी भरतात तसा पत्र्यानं ओढलेला. त्यात ना झाड, ना घर, ना आभाळ. मधोमध एक मोठ्ठा काळा गोल, जरा वाकडा. त्या काळ्यावर बारकी बारकी माणसं, तांबडी आणि नारंगी. तोंडं नाहीत, नुसती डोकी आणि हातपाय, एकामागं एक रांगेनं कुठंतरी चाललेली. आणि गोलाच्या काठावर एकच माणूस असं, की ज्याला रंगच नाही. नुसती पेन्सिलची रेघ, आत कोरा कॅनव्हास. मी चौकट ठोकली आणि हाताशी खिळा दिसला तिथं चित्र टांगून दिलं. तो खिळा चंदनाच्या हारांचा होता. वारलेल्यांच्या फोटोला घालतात ते हार मी तिथं अडकवून ठेवतो. त्यातला एक चित्रावर आला, आणि कामाच्या गडबडीत माझं तिकडं लक्ष गेलं नाही.

बाजाराच्या दिवशी मोठी माय आली. दारात उभी राहून नेहमीसारखी भिंती बघायला लागली आणि बघता बघता थांबली. मी म्हणालो, "हे भागूनं दिलंय तुला." ती अगदी हळू म्हणाली, "हार काढ त्याचा." मी धावत जाऊन हार काढला.

त्या दिवशी तिनं स्टूल ओढलं नाही. सरळ चित्रापाशी गेली आणि बोटानं डोकी मोजायला लागली. एकदा मोजली, परत मोजली. दर वेळी वेगळाच आकडा यायला लागला, कारण काही माणसं रंगात अर्धी मिसळून गेली होती. मग तिचं बोट त्या कोऱ्या माणसापाशी थांबलं.

"ह्याला रंग कामून दिला न्हाई?"

"राहिला असंल, माय."

"आन् ही हीर हाय."

"विहीर कशी असंल? हे मॉडर्न आर्ट हाय. ह्यात विहीर बी नसते आन् माणूस बी नसतं."

"मग डोकी कशाचीत?"

मी आपला फोन काढला आणि भागूला लावला. फोनमधली बाई आपलं ठरलेलं बोलली. मोठी माय माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय म्हणाली ती?"

"बंद हाय म्हणाली."

"काय बंद हाय?"

"फोन, माय. फोन बंद हाय."

ती मटकन खाली बसली. भागूचा तो लोंबणारा सदरा मला आठवला, आणि त्याच्या जागी मोठे बाबाच दुकानात येऊन गेल्यासारखे वाटायला लागले. तेही शेवटच्या दिवसांत असेच हसायचे, जरासंच.

भागूला शाळेत चित्रकला शिकवलेले सर जवळच राहायचे. भला माणूस. मी बोलावल्याबरोबर पायात चपला अडकवून आले. चित्र आधी लांबून बघितलं, मग अगदी नाक लावून, मग पुन्हा लांबून. मोठी माय त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती, डॉक्टर तपासत असताना बघावं तशी.

"वरचा भाग अमूर्त आहे," सर म्हणाले. "तिथं काय आहे असं विचारायचं नसतं. काय वाटतं ते बघायचं."

"मला भ्या वाटायलंय," मोठी माय म्हणाली.

"मग तेच असेल तिथं," सर म्हणाले. खरं बोलणारा माणूस, पण त्या वेळी मला त्यांचा राग आला. पुढं ते म्हणाले, "हा काळा गोल म्हणजे एक प्रकारे शून्य. सगळं त्यातून येतं आणि सगळं..." मी मायच्या पाठीमागून डोळ्यांनी खुणा केल्या तेव्हा गप्प बसले. मोठ्या मायनं कोऱ्या माणसावर बोट ठेवलं. "आन् हा?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "हा राहून गेलेला नाही. मुद्दाम कोरा ठेवलाय. का ठेवलाय ते मी सांगितलं तर ती लबाडी होईल, बाई. ज्यानं काढलंय त्याला जाऊन विचारा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आजच जा, दत्ता." ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजानं मी शटर ओढलं.

चित्र दुकानात ठेवायला ती तयार होईना. त्याच चादरीत गुंडाळून आम्ही ते एसटीत घेतलं. समोरच्या सीटला टेकवून ठेवलं आणि ती वाकडी होऊन त्याच्याकडं तोंड करून बसली, चादरीकडं बघत. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. विचारलं, काच आहे का? मी म्हणालो, चित्र आहे. तो म्हणाला, मग जपा. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. सोयाबीन काढून झालेली रानं, पांढरा पडलेला कापूस आणि विहिरी. रस्त्याला लागून इतक्या विहिरी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. एरवी शंभरदा गेलोय त्या रस्त्यानं, एक दिसली नव्हती. दर विहिरीला मी तिच्याकडं चोरून बघायचो, आणि ती चादरीकडं.

देवगाव फाट्याला गाडी बदलायची होती. जालन्याकडची गाडी येईना. फाट्यावर एका पत्र्याच्या हॉटेलात बाकडं होतं, तिथं बसलो. आतल्या अंगाला एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. मी म्हणालो, चहा घे. नको म्हणाली. भाकरी खा. नको. मी एकटा कसा खाणार? दोघं तसेच बसलो. बाईची शेवटची भाकरी झाली, तिनं तवा उतरवला आणि भिंतीला उलटा टेकवून ठेवला. आणि तवा हसायला लागला.

ज्यांनी चुलीपुढं बसून जेवण केलंय त्यांना तवा हसतो म्हणजे काय ते सांगायला नको. तव्याच्या बुडाची काजळी आत पेटलेली असते, तव्याला वारं लागलं की त्यात बारक्या बारक्या ठिणग्या धावायला लागतात, एका मागं एक, जरा वेळ, आणि मग विझतात. आमच्याकडं चुली गेल्या आणि गॅस आले, तसं ते बघायलाच मिळालं नव्हतं. मला वाटतं कितीतरी वर्षांत मोठ्या मायनंही बघितलं नव्हतं.

ती उठून उभी राहिली. "दत्ता, सोड ते."

"काय सोडू?"

"चादर सोड रे."

मी चादर सोडून चित्र बाकड्यावर उभं केलं. तिनं तव्याकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, परत तव्याकडं. चूल सारवल्यासारखा तो राखाडी रंग, तो वाकडा काळा गोल, त्यावर धावणारी तांबडी माणसं. मलासुद्धा एकदम दिसलं. मी म्हणालो, "माय, तवा हाय हा. विहीर न्हाई, तवा हाय." मला हसूच आलं. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसं झालं.

ती हसली नाही. "वऱ्हाड हाय," म्हणाली. "मी सांगायची त्याला. तवा हसला की म्हणायची, बघ भागू, वऱ्हाड निघालं. तुझे बाबा बी हायेत त्यात, म्होरं चाललेत, दिवा घेऊन. तो म्हणायचा, आपुन कधी जायचं? मी म्हणायची, आपल्याला बोलावणं आलं न्हाई बाबा. आपुन जेवायचं. मग खायचा घास." बोलता बोलता तिचं बोट पुन्हा त्या कोऱ्या माणसावर आलं. "हा भागू हाय. पाय बघ ह्याचा. तुझी नजर चांगली हाय. उभा हाय का निघालाय?"

मी वाकून बघितलं. नुसती एक रेघ होती. गुडघा जरा वाकल्यासारखा वाटत होता. उभा असेल, थकून एका पायावर जोर देऊन उभा असेल. किंवा दुसरा पाय उचलतच असेल. मी कितीदा बघितलं, सांगता येईना. माझं हसू तोंडातच राहिलं. तव्यावरची शेवटची ठिणगी कधी विझली ते मी पाहिलं नाही. तेवढ्यात गाडी आली आणि आम्ही चित्र घेऊन पळालो.

भागूच्या खोलीवर पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. जिना चढून वर गेलो. दाराला आतून कडी. मी दार वाजवलं, हाका मारल्या. काही नाही. खालची घरमालकीण म्हणाली, दोन-तीन दिवसांत दिसले नाहीत, मला वाटलं गावी गेले. दाराला खांदा लावावा म्हणून मी मागं सरकलो, तर मोठी माय पुढं झाली. तिनं दार वाजवलं नाही. दाराला तोंड लावून, फोनवर बोलायची तशी, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भागू, जेवलास का?"

आत काही हललं नाही. ती वाट बघत उभी राहिली. परत विचारलं नाही, रडली नाही, नुसती उभी राहिली. तसा वेळ आयुष्यात परत माझ्यावर येऊ नये. मग आत भांड्याला काहीतरी लागल्याचा आवाज झाला, पावलं वाजली आणि कडी निघाली.

त्याच्याकडं बघवत नव्हतं. पण होता, दारात उभा होता. मोठी माय त्याच्या बाजूनं आत गेली, भिंती बघितल्या, चित्र भिंतीला टेकवून ठेवायला मला सांगितलं आणि डबे उघडायला लागली. तांदूळ सापडले, डाळ सापडली. खिचडी टाकली. तो जेवत होता तोवर ती त्याच्या घासाघासाकडं बघत होती. ताट बाजूला सारल्यावर मग तिनं विचारलं, "तो उभा हाय का निघालाय?"

भागूनं चित्राकडं बघितलं. "काढताना निघाला होता," म्हणाला. मग त्यानं आईकडं बघितलं. "पयले हीरच काढली होती, आई. लय दिवस हीरच होती. मग एका दिवशी तिचा तवा झाला."

"म्हैत हाय मला," ती म्हणाली. "आन् आता?"

"आता मला बी कळंना."

"मला कळायलंय की." ती उठली, चित्रापाशी गेली. "उभा हाय तो. वऱ्हाड जायलंय आन् हा बघायलाय. त्याला बोलावणं न्हाई. मी सांगते ना, उभा हाय."

"रंग राहिलाय त्याचा," भागू म्हणाला.

"द्यायचा न्हाई. रंग दिला की जाईल तो त्यांच्यात. मी हाय तवर द्यायचा न्हाई." भांडायच्या आवाजात म्हणाली. सगळ्या जगाला भिणाऱ्या बाईला मी त्या आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. भागू खाली मान घालून रडायला लागला आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत चित्राकडं रागानं बघत राहिली.

त्याला आम्ही झरीला आणलं. परभणीला डॉक्टर बघितले, गोळ्या सुरू झाल्या. सोपं गेलं नाही. कधी महिना बरा जायचा, कधी चार दिवस तो अंथरुणातून उठायचा नाही, आणि असे चार दिवस आले की माझ्याही घरात कुणाला अन्न गोड लागत नसे. पण हळूहळू सावरला. गावात पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागला, परत रंग आणले. ते चित्र मोठ्या मायनं घरातल्या मोठ्या भिंतीला लावून घेतलं. आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बघतच राहिलो. चित्राखाली भिंतीला टेकून, चित्राकडं पाठ करून, ती निवांत शेंगा फोडत बसली होती.

"माय, पाठ कशी काय केलीस?"

"त्यात आपलं माणूस हाय ना उभं," म्हणाली. तरी बोलता बोलता मधेच मान वळवून एकदा वर बघून घ्यायची. भीती काही गेली नव्हती. तिला ती घालवायचीही नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात मोठी माय गेली. फार त्रास झाला नाही. दवाखान्यात शेवटी शुद्ध होती तेव्हा तिनं खाटेभोवतीची माणसं मोजली आणि "हायेत सगळी," म्हणाली. फ्रेम करायला तिचा फोटो शोधला तर सगळ्या फोटोंत ती फोटो काढणाऱ्याकडं संशयानं बघतेय. त्यातलाच एक निवडला. हार मात्र मी माझ्या हातानं घालू शकलो नाही. भागूनं घातला.

दिवस उरकले आणि बाजाराच्या दिवशी भागू दुकानात आला. बगलेत चादरीत गुंडाळलेलं तेच चित्र. मी दाराकडं बघितलं आणि क्षणभर मला तो जुना सदराच दिसला.

"दादा," तो म्हणाला, "आई म्हणाली होती, मी हाय तवर रंग द्यायचा न्हाई. आता देऊ का?"

मी चादर सोडली. वाकून त्या कोऱ्या माणसाचा पाय बघितला. इतक्या वर्षांनीही मला सांगता येईना. सांगणारी बाई गेली होती. लोक मला विचारतात, हे चित्र कशाचं आहे, आणि मी गिऱ्हाइकाला खुशाल काहीतरी सांगून टाकतो. पण त्या दिवशी माझी जीभ उचलेना, एवढा भ्यालो मी. मोठी माय आयुष्यभर कशी जगली असेल ते मला तेव्हा समजलं. मी स्टूल ओढून उंबऱ्यात आणलं, रस्त्याकडं पाठ करून बसलो, तो आणि चित्र दोन्ही समोर दिसतील असा.

"ते बघू," मी म्हणालो. "आधी सांग, जेवलास का?"

"हो," तो म्हणाला. लगेच म्हणाला.

"मग उभाच हाय तो," मी म्हणालो. "राहू दे तसाच."